बत्तीस अंतराय

१४ जुलै, सोमवार

डायरी लिहायचा मला कंटाळा. पण आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा आहे. काम मिळालं, आणि तेही आदितीच्या घरातलं.

राजारामपुरीतल्या जैन मंदिरात एका दिगंबर महाराजांचा चातुर्मास आहे. वय त्र्याऐंशी. नाव लांबलचक आहे, सगळे नुसतं महाराज म्हणतात. चार महिने ते इथून हलणार नाहीत. या चार महिन्यांचं फोटोंचं मोठं पुस्तक काढायचं कमिटीनं ठरवलंय. कमिटीचे अध्यक्ष दादासो, म्हणजे आदितीचे वडील, गुळाचे अडते. त्यांनी आमच्या स्टुडिओच्या हंबीररावांना विचारलं, हंबीररावांनी मला धाडलं. म्हणाले, "मीच सुचवलं तुझं नाव. लग्नात बायकांच्या तोंडावर लाईट मारण्यापेक्षा बरं काम हाय." म्हणू देत. नाव खरं कुणी सुचवलं असणार ते मला कळतं.

कॉलेज सोडून आठ महिने झाले. थर्ड इयरला सरांच्या कॉलरला हात घातला आणि परत गेलोच नाही. आदिती पास होऊन बाहेर पडली. मध्यंतरी तिनं नंबर बदलला, गडबडीत मला कळवायचं राहिलं असणार. आज तिनं दार उघडलं आणि मला बघून तिचा चेहराच उतरला. इतक्या दिवसांनी समोर आपलं माणूस आलं की होतंच तसं.

१९ जुलै, शनिवार

आज पहिला आहार बघितला. आहार म्हणजे महाराजांचं जेवण. दिवसातून एकदा, सकाळी दहाच्या सुमाराला. उभ्यानं. ताट नाही, वाटी नाही, दोन हातांची ओंजळ. पाणीसुद्धा त्याच वेळी, त्याच ओंजळीत. मग दुसऱ्या दिवशी दहापर्यंत थेंब नाही. जेवण कुणाकडं तेही ठरलेलं नसतं. मनात काहीतरी खूण धरून निघतात आणि ती ज्या दारात दिसेल तिथं थांबतात. आख्ख्या गल्लीत माणसं धुतल्या कपड्यांत कलश घेऊन उभी. "नमोस्तु महाराज, नमोस्तु! अत्र अत्र, तिष्ठ तिष्ठ!" आज दादासोंच्याच दारात थांबले. आदितीची आई, दीपाकाकू, हातातला कलश सावरताना नुसत्या थरथरत होत्या. एवढा आनंद मी नवरीच्या आईच्या तोंडावरपण बघितला नाही.

मी स्वयंपाकघराच्या दारात, रांगोळीच्या रेघेच्या अलीकडं. दादासो म्हणाले, "पावणं, बेल्ट काढा की. चामडं चालत न्हाय." पँट एका हातानं धरून फोटो काढले.

नंतर आदितीनं टाईप केलेले दोन कागद हातात दिले. वर लिहिलंय, बत्तीस अंतराय. अंतराय म्हणजे अडथळा. जेवताना यातलं एक जरी घडलं तरी महाराज ओंजळ सोडतात आणि संपलं, पाणीपण उद्याच. घासात केस निघणं. वाढणाऱ्याच्या हातून भांडं पडणं. रक्त दिसणं. रडणं कानावर येणं. मारा, कापा असलं काही ऐकू येणं. कोल्हापुरात राहून हे ऐकायचं नाही म्हणजे अवघडच की!

"पाठ कर," ती म्हणाली. "तुझं तोंड मला माहीत आहे."

माझं तोंड तिला माहीत आहे. हे वाक्य दिवसभर डोक्यात फिरतंय.

२७ जुलै, रविवार

पेन दाबून लिहितोय, कागद दोनदा फाटला.

आदिती जिन्यात भेटली. खाली बघून म्हणाली, "मी महाराजांकडून नियम घेतलाय. चातुर्मास संपेपर्यंत तुझ्याशी कामाशिवाय बोलायचं नाही. जिन्यात थांबत जाऊ नकोस." आणि वर गेली.

इथं सगळेच महाराजांकडून नियम घेतात. कुणी चार महिने बटाटा सोडतं, कुणी साखर. हिनं मला सोडलं. हे तिच्या डोक्यातून आलेलं नाही. परवापर्यंत बघून हसत होती. म्हाताऱ्यानंच घातलं असणार. स्वतः सगळं सोडून बसलाय, आता दुसऱ्याचं पण सोडवतोय.

३१ जुलै, गुरुवार

आज माझ्या हातून झालं. हातून म्हणजे तोंडातून.

दादासोंकडंच आहार होता. मधेच जोतीरामचा फोन. जोतीराम माझा दोस्त, चार दिवसांपूर्वी माझी गाडी नेली आणि आज सांगतो टाकी फुटली. मी बाहेर पायरीवर आलो, पण आवाज माझ्या हातात कुठं असतो? "तुझा मुडदाच पाडतो बघ, कापून रंकाळ्यात टाकतो," म्हणालो. आमच्यात हे प्रेमानं म्हणतात.



परत दारात आलो तर महाराजांची ओंजळ उघडत होती. दोनच घास झालेले. तिसरा घास बोटांमधून खाली आला आणि हात हळूहळू लांब झाले. तोंडावर राग नाही, काही नाही. मी कॅमेरा उचलून सात-आठ फ्रेम मारल्या, हात आपोआपच गेला. दीपाकाकू भिंतीला टेकून खालीच बसल्या.

महाराज गेल्यावर आदिती धावत खाली आली. "अक्कल आहे का तुला? चोवीस तास पाणी नाही आता त्यांना! त्र्याऐंशी वर्षांचा माणूस! कागद कशाला दिला होता मी?" लालबुंद झाली होती. खूप बोलली. मी घड्याळ बघत होतो, अकरा मिनिटं. नियम तिच्या लक्षातपण राहिला नाही.

स्टुडिओत हंबीररावांनी फोटो बघितले आणि चहाचा कप खाली ठेवला. "राजवीर, आयुष्यात एकदा निघतो रे असा फोटो."

५ ऑगस्ट, मंगळवार

पाच दिवस झाले, एक शब्द नाही. समोरून जाते आणि भिंतीकडं बघते.

म्हातारा मात्र रोज बोलतो. ते कर्नाटकच्या सीमेकडचे, दीक्षेआधी ऊस लावायचे म्हणे. मला तम्मा म्हणतात. तम्मा म्हणजे त्यांच्याकडं धाकटा भाऊ. "तम्मा, जेवलास व्हय?" रोज हेच. आज मी म्हटलं, "तुम्ही दुसऱ्याच्या जेवणाची कशाला काळजी करता?" हसले. "मला एकदाच लागतंय. तुला तीनदा लागतंय. म्हणून इचारतो."

माझं सगळं काढून घेऊन वर जेवलास का.

८ ऑगस्ट, शुक्रवार

खरं लिहायचं ठरवलंय तर खरं लिहितो. आज मुद्दाम केलं.

काकू दुधाचा कलश ओंजळीवर धरत होत्या. मी रेघेच्या अलीकडून म्हटलं, "काकू, इकडं बघा." एवढंच. फोटोग्राफर म्हणतोच की असं. त्या दचकल्या, मान वळवली, कलश निसटला. फरशीवर दूधच दूध. महाराजांनी ओंजळ सोडली.

कुणी मला एक शब्द बोललं नाही. सगळे काकूंकडंच बघत होते. त्यांच्या सासूबाईंच्या वयाची एक बाई म्हणाली, "दीपा, हातात काय जोर न्हाय व्हय तुझ्या?" काकू म्हणाल्या, "माझंच पाप." दोन दिवस उपास धरलाय त्यांनी.

जरा वाईट वाटलं. पण मी काय ढकललं नव्हतं त्यांना.

१० ऑगस्ट, रविवार

आदिती स्टुडिओत आली! स्वतःहून! हंबीरराव जेवायला गेलेले. म्हणाली, "परवाचे फोटो दाखव." दाखवले. एका फ्रेममध्ये काकूंचं तोंड थेट कॅमेऱ्याकडं आहे आणि कलश हवेत. आदिती त्या फोटोकडं बघतच राहिली.

"तू हाक मारलीस तिला."

मी नाही म्हटलं नाही. खोटं बोलणाऱ्यातला मी नव्हे. म्हटलं, "तू बोलत नाहीस. तू बोललीस की माझं डोकं ताळ्यावर राहतं. रोज पाच मिनिटं बोल. आहाराच्या आधी, जिन्यात. मग बघ, एकपण अंतराय होणार नाही. शब्द देतो."

ती दारापर्यंत जाऊन बाहेर कुणी नाही ना बघून आली. मग म्हणाली, "घरात सांगितलं असतं मी. पण माझे वडील तुझ्या अंगावर येतील. मग तुझ्या गल्लीतले, बावड्याचे लोक येतील. मग ते इतकंच राहायचं नाही. आम्ही मूठभर माणसं आहोत राजवीर, आम्हाला या गावात राहायचंय."

माझ्यावर कुणी हात टाकू नये म्हणून घरात सांगितलं नाही तिनं. अजून काय पाहिजे?

१७ ऑगस्ट, रविवार

सगळा आठवडा सोन्यासारखा. रोज साडेनऊला जिन्यात येते. कठड्याला धरून उभी राहते. मी बोलतो, ती ऐकते. मधेच विचारते, "झाली का पाच मिनिटं?" वेळेची पक्की आहे पहिल्यापासून. काल म्हटलं, "एकदा हस की." हसली.

आहार रोज नीट होतोय. दादासो म्हणाले, "राजवीर, तू आल्यापास्नं घराला वळण लागल्यागत वाटतंय." काकूंनी मात्र भांड्याला हात लावणं सोडलंय. लांब उभं राहून दुसऱ्यांना सांगतात.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

आज आदिती आली नाही. साडेनऊ, पावणेदहा, दहा. सांगलीचे पाहुणे आलेत म्हणे, वृषभ नावाचा कोणतरी सीए आणि त्याचे आईवडील. ही वर त्यांना चहा देत बसली. मला खालून तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता.

शब्द मी दिला होता, तसा तिनंपण पाळायला पाहिजे होता.

लेन्सच्या फिल्टरची काच बॅगेत फुटलेली होती. महाराज पाणी घेत होते तेव्हा काचेनं बोट कापलं आणि हात पुढं धरला. रक्त कोपरापर्यंत आलं.

महाराजांनी ओंजळ सोडली. पण ते निघून गेले नाहीत. माझ्याकडं बघत म्हणाले, "अगोदर त्याच्या बोटाला हळद लावा. काच राहिली असंल आत, बघा." मी काच तर खिशात टाकली होती. म्हाताऱ्याची नजर अधू झालीय म्हणतात, अंदाजानंच बोलले असणार.

दुपारी त्यांना घेरी आली. डॉक्टर येऊन गेले. किडनी आधीच अर्धी गेलेली, त्यात असे कोरडे दिवस परवडत नाहीत म्हणाले. ते औषध-सलाईन काही घेत नाहीत.

चार वाजता आदिती जिन्यात आली. चप्पलसुद्धा घातलेली नव्हती. म्हणाली, "उद्यापासून नऊला येईन. दहा मिनिटं थांबेन. पाया पडते तुझ्या." आणि खरंच वाकली. मी तिला धरलं. असं माझ्यापुढं वाकायची काय गरज? प्रेमात मोठं-लहान नसतं, हे मी तिला सांगितलं.

सांगलीचा विषय मी काढला नाही, तिनंपण काढला नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

जैनांचं दहा दिवसांचं पर्व संपलं. आज क्षमावाणी. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल त्याबद्दल जो तो दुसऱ्याला हात जोडतो. दादासो गड्यालाही हात जोडत होते. काकू माझ्यासमोर आल्या, म्हणाल्या, "बाळा, त्या दिवशी कलश पडला आणि तुझा फोटो बिघडला. माफ कर."

मी म्हटलं, असू दे काकू.

दुपारी आदिती महाराजांच्या खोलीत गेली. नियमानुसार दार उघडं, म्हातारी माणसं बाहेर बसलेली. अर्धा तास बसली होती. बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले, पण चालणं हलकं वाटत होतं. नियम मोडल्याचं सांगितलं असेल. आता म्हातारा अजून काहीतरी शिक्षा देणार तिला. बघतोच मी.

९ सप्टेंबर, मंगळवार

महाराजांनी आज सभेत सांगितलं, सल्लेखना घेतो. म्हणजे अन्न-पाणी सोडून शांतपणे देह ठेवायचा. ही हळूहळू करायची रीत, एकेक पदार्थ कमी करत. पण यांनी चारही प्रकारचा आहार एकदम सोडला, पाण्यासकट. "दिवाळीनंतर घेणारच होतो," म्हणाले, "जरा अलीकडं घेतो." तब्येतीचं कळल्यावर त्यांच्या गुरूंनीही होकार कळवलाय. लोक रडत होते आणि जयजयकारपण करत होते.

हंबीररावांचा फोन, "कॅमेरा खाली ठेवू नको आता. रात्रंदिवस थांब तिथं."

१० सप्टेंबर, बुधवार

नऊला जिन्यात उभा राहिलो. साडेनऊ झाले. शेवटी वर जाऊन हाक मारली. आदिती दारात आली, उंबऱ्याच्या आतच थांबली.

"आली का नाहीस?"

"कशाला येऊ?" म्हणाली. इतक्या शांतपणे मी तिला बोलताना ऐकलं नव्हतं. "ते आता जेवणार नाहीत. तुझ्याकडं काय राहिलंय आता?"

दार लावलं.

पुढं काय लिहू? मला ते वाक्य नीट कळलेलं नाही. मरणाच्या दारातला माणूस बघून तिचं मन थाऱ्यावर नसणार. चातुर्मास संपू दे. नियम संपला की बोलेल.

१३ सप्टेंबर, शनिवार

महाराजांचे ओठ फुटलेत. जीभ आत ओढली गेलीय. चेहऱ्याची हाडं अशी वर आलीत की खिडकीचा उजेड कसाही पडू दे, फोटो चांगलाच येतो. आज दोनशे चाळीस फ्रेम.

दुपारी माणसं जरा पांगली तेव्हा त्यांनी बोटानं मला जवळ बोलावलं. कान तोंडाजवळ न्यावा लागला. "तम्मा, आता तुला घोर न्हाय. आता अंतराय व्हायचा न्हाय."

मग दोन्ही हात उचलायला गेले. एकच उचलला, दुसऱ्याला बाजूच्या माणसानं आधार दिला. हात जोडले. "माझ्यामुळं तुझं मन दुखलं. क्षमा कर."

सगळ्यांसमोर! दादासो, कमिटी, सगळी माणसं बघत होती. त्यांना म्हाताऱ्याचा मोठेपणा वाटला. पण मला खरं माहीत आहे. शेवटी कबूल करावं लागलं त्याला, की आदितीला माझ्यापासून तोडलं ते त्यानं. मी मान हलवली आणि फोटो काढला.

जिंकल्यासारखं वाटायला पाहिजे होतं.

१५ सप्टेंबर, सोमवार

पहाटे गेले. दुपारी बसलेल्या स्थितीतच पालखीतून नेलं. कागलपासून माणसं आली होती. आदिती बायकांच्या रांगेत होती, माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. आठशे सहा फ्रेम.

२६ ऑक्टोबर, रविवार

चातुर्मास संपला. नियम सुटला. सकाळी नवा शर्ट घातला.

पुस्तकाचं प्रकाशन होतं. मुखपृष्ठावर एकतीस जुलैचा फोटो, ओंजळ उघडतानाचा. जो तो म्हणत होता, काय शांती आहे चेहऱ्यावर. दादासोंनी माइकवर सांगितलं, "या पोराला आपल्या धर्मातलं काय ठावं नव्हतं. पण ह्यानं जे बघितलं ते आपल्यालाबी दिसलं न्हाय." टाळ्या. मग म्हणाले, "आदिती, ये की बाळ, श्रीफळ तूच दे."

ती स्टेजवर आली. हातात नारळ, पलीकडं काकू शाल घेऊन. समोर हंबीरराव कॅमेरा लावून, "जरा जवळ या. हसा. इकडं बघा."

आदिती कॅमेऱ्याकडं बघून हसली आणि ओठ न हलवता बोलली, "नियम मी मागितला होता. मला तुझी भीती वाटायची, कॉलेजपासून. महाराज नको म्हणत होते. 'त्या पोराला तोंडावर सांग, नियमाच्या आड लपू नको, त्याच्या जिवाला लागंल,' म्हणाले. तीनदा नको म्हणाले. मी रडले तेव्हा दिला."

नारळ माझ्या हातात ठेवला. "त्यांनी सांगितलं होतं म्हणून आज सांगितलं, तोंडावर."

हंबीरराव म्हणाले, "झकास!"

जानेवारीत तिचं लग्न आहे, सांगलीला. दादासोंनी फोटोंची ऑर्डर मलाच द्यायचं म्हणून हंबीररावांशी तिथंच बोलणी केली.

खोटं बोलते ती. मला तोडायला काहीतरी ठेवून द्यायचं म्हणून. मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपतं.

घरी येऊन लॅपटॉप उघडला. नियम तिनं सव्वीस जुलैला घेतला असणार, सत्तावीसला मला सांगितला. सव्वीसचं फोल्डर काढलं. त्या दिवशी मी मंदिराच्या सज्ज्यातून लांबची लेन्स लावून बसलो होतो, महाराजांपेक्षा तिचेच फोटो जास्त आहेत.

सापडले. आदिती महाराजांपुढं गुडघ्यावर, हात जोडलेले. महाराजांचा उजवा पंजा वर. आशीर्वाद समजून मी तेव्हा पुढच्या फोटोवर गेलो होतो. दुसरी फ्रेम, ती अजून खाली वाकलीय, पंजा परत वर, आणि मान बाजूला वळलेली. तिसऱ्यात ती तोंड झाकून रडतेय आणि पंजा तसाच, बोटं ताठ. आशीर्वादाचे त्यांचे शंभर फोटो आहेत माझ्याकडं, बोटं कधी अशी नसतात.

चौथ्या फ्रेममध्ये हात खाली आलाय. महाराज तिच्याकडं बघत नाहीयेत. मान वर करून थेट सज्ज्याकडं, कॅमेऱ्याकडं बघतायत. सब्जेक्टनं लेन्समध्ये बघितलं की फ्रेम बिघडते, म्हणून मी ती तेव्हाच बाद केली होती.